कानात टोचलेल्या सुयांनी कॅन्सरच्या वेदना खरंच कमी होतात का?

कॅन्सरचे उपचार संपतात, रिपोर्टही चांगले येतात, पण अनेकांचे सांधे, कंबर, खांदे दुखायचे थांबत नाहीत. रोज पेनकिलर किती दिवस घ्यायच्या? मग कुणीतरी ॲक्युपंक्चर सुचवतं. त्याचा एक प्रकार फक्त कानावर केला जातो.

कानच का?

१९५०च्या दशकात फ्रान्समधले डॉक्टर पॉल नोजिए यांनी कानाचा नकाशा मांडला. कान म्हणजे आईच्या पोटातलं उलटं बाळ, पाळीच्या जागी डोकं. कल्पना आकर्षक आहे, पण शरीराचा प्रत्येक अवयव कानावर असा उमटतो हे सिद्ध झालेलं नाही. कानाच्या खोलगट भागात व्हेगस नावाच्या मज्जातंतूची शाखा पोहोचते, हे मात्र शरीररचनाशास्त्राला मान्य आहे.

पुढे २००१ मध्ये अमेरिकी हवाई दलातले डॉक्टर रिचर्ड निमत्झो यांनी सैनिकांसाठी सोपी पद्धत काढली. प्रत्येक कानावर ५ ठरावीक बिंदू आणि त्यात टाचणीच्या टोकाएवढ्या सुया. त्या तीन-चार दिवस कानातच राहतात.

संशोधन काय सांगतं?

न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग कॅन्सर सेंटरच्या संशोधकांनी ३६० जणांवर चाचणी केली. सगळे कॅन्सरमधून बाहेर पडलेले, पण स्नायू आणि हाडांच्या जुनाट दुखण्याने त्रासलेले. काहींना अंगावरच्या सुयांतून सौम्य वीजप्रवाह दिला, काहींना कानातल्या सुया, तर उरलेल्यांचे नेहमीचे उपचार सुरू राहिले. २०२१ मध्ये निष्कर्ष आले. १२ आठवड्यांनंतर, ० ते १०च्या मोजपट्टीवर नेहमीच्या उपचारांच्या तुलनेत कानाच्या सुयांनी वेदना १.६ अंकांनी जास्त कमी झाल्या, वीजप्रवाहाच्या पद्धतीने १.९ अंकांनी. सुरुवातीची सरासरी वेदना ५.२ होती, म्हणजे फरक जाणवण्याइतका आहे, पण दुखणं गायब झालं असं नाही.

गंमत अशी की, कानाच्या गटातल्या साधारण दर दहातल्या एकाने कान दुखतो म्हणून उपचार मध्येच सोडले.

या चाचणीत खोट्या सुयांचा गट नव्हता. त्यामुळे ‘सुई टोचली, आता बरं वाटेल’ या विश्वासाचा वाटा किती, हे त्यातून कळत नाही. फ्रान्समध्ये २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ९० रुग्णांच्या अभ्यासात मात्र ही तुलना होती. दोन महिन्यांत खऱ्या बिंदूंच्या गटात वेदना ३६ टक्क्यांनी घटल्या, खोट्या बिंदूंच्या गटात फक्त २ टक्क्यांनी. अभ्यास लहान असला तरी दुर्लक्ष करण्यासारखा नाही.

मग करून बघावं का?

ही पद्धत पूरक आहे, पर्यायी नाही. सुयांनी गाठ कमी होत नाही. मॉर्फिन किंवा इतर वेदनाशामक औषधं स्वतःहून बंद करणं धोक्याचं आहे. दुखणं नवं असेल किंवा अचानक वाढलं असेल, तर आधी तपासणी हवी, कारण आजार हाडांत पसरल्याचं ते लक्षण असू शकतं.

केमोथेरपी सुरू असताना प्लेटलेट्स आणि पांढऱ्या पेशी कमी होतात. तेव्हा कानातून रक्त येण्याची, जंतुसंसर्गाची भीती असते, आणि कानाच्या कूर्चेतला संसर्ग चिवट असतो. म्हणून ताजा रक्ताचा रिपोर्ट दाखवून कॅन्सरतज्ज्ञांना आधी विचारावं. महाराष्ट्रात ॲक्युपंक्चरसाठी स्वतंत्र कायदा आहे, त्यामुळे सुया टोचणाऱ्याची नोंदणी आहे का, हे विचारायला संकोच करू नये.