रस्त्यावरचे पाणी : पावसाचे की भरतीचे?

मीरा-भाईंदरचा नकाशा समोर घ्या. उत्तरेला वसईची खाडी, पश्चिमेला उत्तनचा समुद्रकिनारा आणि पूर्वेला संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर. मधल्या सखल पट्ट्यात मिठागरे, शेते आणि तिवरांची वने होती. येथे १९८५ साली नगरपालिका आणि २००२ साली महानगरपालिका स्थापन झाली. २००१ च्या जनगणनेत सुमारे सव्वापाच लाख असलेली लोकसंख्या २०११ मध्ये आठ लाखांवर गेली.

अशा शहरात पावसाळ्यात सखल रस्त्यांवर पाणी साचते. गटारे तुंबली, असे कोणी म्हणतो. भरती होती, असे दुसरा म्हणतो. दोन्हींवरचे उपाय निराळे आहेत. गटार उपसता येते, समुद्र उपसता येत नाही! म्हणून आधी कारण शोधले पाहिजे. पदवीच्या विद्यार्थ्यांना पर्यावरण विषयासाठी क्षेत्रकार्य करावे लागते. विद्यापीठांच्या ‘आविष्कार’ स्पर्धेतही त्यांचे संशोधन मांडले जाते. त्यांना हाती घेता येईल असा हा प्रश्न आहे आणि त्याची पूर्वतयारी तुम्हीही करू शकता.

प्रथम त्यामागचे भौतिकशास्त्र पाहू. गटारातील पाणी खाडीत जाते ते दोन्हींच्या पातळीत फरक असतो म्हणून. प्रवाहाचा वेग साधारणपणे या फरकाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो. फरक १ मीटरवरून २५ सेंटिमीटरवर आला, तर वेग निम्मा होतो. भरतीने खाडीची पातळी गटाराइतकी झाली की प्रवाह थांबतो, आणि त्याहून वर गेली की खाडीचे पाणीच गटारातून उलट येऊ लागते.

आता कारण ओळखायचे कसे? येथे चंद्र आपल्या मदतीला येतो. भरती सुमारे १२ तास २५ मिनिटांनी येते. म्हणजे तिची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे जाते. कोकण किनाऱ्यावर ‘तिथीची पाऊणपट’ हा जुना ठोकताळा आहे. चतुर्थीला चारची पाऊणपट तीन, म्हणून पूर्ण भरती तीनच्या सुमारास. पाऊस मात्र असे वेळापत्रक पाळत नाही.

गटाराजवळच्या भिंतीवर, सुरक्षित अंतरावरून वाचता येतील अशा सेंटिमीटरच्या खुणा रंगवा. गच्चीवर सरळ कडांचा डबा ठेवा; त्यात जमलेल्या पाण्याची उंची म्हणजे पाऊस. दर १५ मिनिटांनी दोन्ही नोंदी घ्या, भरतीची वेळ लिहा आणि आलेख काढा. मुसळधार पावसात खाडीकडे मात्र मुळीच जाऊ नका.

ओहोटी असतानाही पावसाबरोबर पाणी चढले, तर गटार अपुरे किंवा तुंबलेले आहे. कोरड्या दिवशीही पाणी चढते आणि त्याची वेळ रोज ५० मिनिटांनी सरकते, तर ते भरतीचे आहे. पाऊस आणि भरती एकत्र आल्यावरच पाणी साचत असेल, तर भरती ओसरेपर्यंत त्याला थांबायला जागा हवी.

किती जागा? समजा, १ चौरस किलोमीटर भागावर तासाभरात ५० मिलिमीटर पाऊस पडला. ते पाणी ५०,००० घनमीटर झाले. काँक्रीट आणि डांबर पाणी शोषत नाहीत, म्हणून ते सर्व वाहून आले असे धरू. १ हेक्टर मोकळ्या सखल जमिनीवर ३० सेंटिमीटर पाणी थांबले, तर तेथे ३,००० घनमीटर मावते. म्हणजे सुमारे १७ हेक्टर जमीन हवी. त्यातली १० हेक्टर भराव टाकून उंच केली, तर ३०,००० घनमीटर पाणी दुसरी जागा शोधणार, आणि ती बहुधा आपल्या इमारतींचे तळमजले असतील! मिठागरावर किंवा तिवरांच्या जमिनीवर भराव टाकण्यापूर्वी हा गुणाकार केलाच पाहिजे.

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. आपल्या ५० मिलिमीटरच्या उदाहरणाशी हा आकडा ताडून पाहा.

एका पावसाळ्याच्या नोंदींवरून निष्कर्ष काढण्याची घाई करू नये. यंदाच्या वर्गाने आपली वही पुढच्या वर्गाकडे द्यावी आणि त्यांनी त्याच खुणांवर वाचन चालू ठेवावे. पाच-सहा वर्षांच्या अशा नोंदी हाती असल्या, तर भराव घालावा की नाही या चर्चेत तुमच्या शाळेला आकड्यांनिशी बोलता येईल.