उसाची भुकटी, डाळिंबाची साल आणि आपलं हृदय

उभ्या उसाच्या कांडीवरून अंगठा फिरवला की गाठीच्या लगेच खाली पांढरी भुकटी हाताला लागते. माळेगाव, सोमेश्वरनगर, भवानीनगर, शहाजीनगर या साऱ्या पट्ट्यात ऊस तोडणाऱ्यांच्या बाह्यांवर ती हंगामभर असते आणि कोणी तिच्याकडे ढुंकूनही पाहत नाही. ही भुकटी म्हणजे मेण. उन्हाची तिरीप परतवावी, आतलं पाणी उडू नये, किडीला कांडीवर पाय रोवता येऊ नयेत, यासाठी उसानं स्वतःच्या अंगातून तयार केलेलं. त्यात ऑक्टाकोसॅनॉल नावाचा एक पदार्थ असतो, एकामागे एक अठ्ठावीस कार्बन अणूंची लांबलचक साखळी.

कारखान्याच्या गव्हाणीत मोळ्या पडल्या, चरकातून रस निघाला, की रसाबरोबर हे मेणही वाहत जातं. चुना घालून रस साफ करताना गाळ खाली बसतो आणि बरंचसं मेण त्या गाळात अडकतं. हाच तो प्रेसमड. आपल्याकडे तो ट्रॉली भरभरून शेतात खत म्हणून पडतो. आता गंमत पाहा. जगाच्या दुसऱ्या टोकाला, आपल्यासारख्याच ऊसवाल्या क्युबात, याच उसाच्या मेणातून हृदयाची गोळी काढली गेली.

१९९१ मध्ये सोव्हिएत संघ कोसळला आणि क्युबाच्या साखरेचं हक्काचं गिऱ्हाईक गेलं. पैशाची टंचाई, औषधांची टंचाई आणि ऊस मात्र मुबलक. त्याच सुमारास हवाना शहरातल्या राष्ट्रीय वैज्ञानिक संशोधन केंद्रानं उसाच्या मेणातले हे लांब साखळ्यांचे पदार्थ शुद्ध करून त्या मिश्रणाला पॉलिकोसॅनॉल नाव दिलं. दिवसाला पाच-दहा मिलिग्रॅम, म्हणजे चिमटीतही न येणारी मात्रा. क्युबातल्या चाचण्यांमागून चाचण्या सांगू लागल्या की यानं रक्तातलं घातक कोलेस्टेरॉल, एलडीएल, पाव हिश्शापर्यंत उतरतं. ही कामगिरी कोलेस्टेरॉलच्या नेहमीच्या औषधांच्या, स्टॅटिनच्या, तोडीची होती आणि शिवाय ‘नैसर्गिक’. गोळी चाळीसहून अधिक देशांत पोचली.

मग २००६ मध्ये जर्मनीतल्या डॉक्टरांनी स्वतंत्रपणे पडताळणी केली. १४३ रुग्ण, बारा आठवडे. कोणाला १० मिलिग्रॅम, कोणाला २०, ४०, थेट ८० पर्यंत, आणि काहींना नुसती दिसायला तशीच, आत औषध नसलेली गोळी. कोणाला काय मिळतंय हे रुग्णाला ठाऊक नाही, डॉक्टरलाही नाही. निकाल लागला तेव्हा खऱ्या आणि खोट्या गोळीत काही फरक नव्हता. मात्रा आठपट केली तरी कोलेस्टेरॉल जागचं हललं नाही. आधीच्या जवळजवळ सगळ्या चाचण्या एकाच देशातून, एकाच गटाकडून आलेल्या होत्या, हे तेव्हा लोकांच्या नीट ध्यानात आलं. पॉलिकोसॅनॉलच्या डब्या आजही विकल्या जातात, ती गोष्ट निराळी.

मला ही कहाणी हृदयाच्या सगळ्या वनौषधींची पहिली शिकवणी वाटते. झाड अद्भुत असतं यात शंका नाही, पण झाडानं तो पदार्थ आपल्या धमन्यांची काळजी म्हणून बनवलेला नसतो. त्याचा आपल्याला उपयोग झाला तर तो योगायोग, आणि असा योगायोग झाला की नाही हे मोजूनच कळतं.

कालव्याचं पाणी संपतं तिथून इंदापूर-बारामतीचं दुसरं पीक दिसू लागतं. नीरा डाव्या कालव्याच्या भिजवणीत ऊस, आणि माळावर, शेततळ्याच्या आणि ठिबकच्या भरवशावर डाळिंब. या फळावर पुणे-नगरच्या मातीचा मोठा हात आहे. गणेश ही जात डॉ. चीमा यांनी पुण्याच्या गणेशखिंड बागेत निवडली आणि आज बाजार ज्याच्यावर चालतो तो भगवा राहुरीच्या कृषी विद्यापीठानं दिला. बागायतदार बहार धरतो, झाडाला ताण देतो, पानगळ करतो, तेल्या रोगाच्या धास्तीनं ढगाळ हवेकडे डोळे लावून बसतो. फळ हातात आलं की दाणे ठेवतो आणि साल उकिरड्यावर टाकतो.

हृदयाच्या दृष्टीनं डाळिंबात जे नाव घेण्यासारखं आहे, त्याचा मोठा साठा या सालीतच असतो. प्युनिकॅलॅजिन नावाचा हा टॅनिन जातीचा भलाथोरला रेणू. साल चावली की जीभ आखडते ती या टॅनिनांमुळे. बुरशी आणि कीड यांना फळापासून लांब ठेवणं हे त्यांचं काम. परदेशी कारखान्यात अख्खं फळ सालीसकट दाबून रस काढतात, म्हणून बाटलीतल्या रसात प्युनिकॅलॅजिन भरपूर उतरतं. आपण ताटात सोललेले टपोरे दाणे चवीला कितीतरी सरस, पण त्यात ते तुलनेनं थोडं. पोट बिघडल्यावर वाळलेली डाळिंबाची साल उगाळून देणाऱ्या आज्यांना रसायनशास्त्र ठाऊक नव्हतं, पण फळाचा कोणता भाग औषधी हे त्यांनी बरोबर हेरलं होतं.

यापुढचा भाग मला सगळ्यांत थक्क करतो. एवढा मोठा रेणू आतड्यातून रक्तात जवळजवळ जातच नाही. तो खाली मोठ्या आतड्यात पोचतो आणि तिथले जिवाणू त्याची मोडतोड करून यूरोलिथिन नावाचे छोटे पदार्थ बनवतात. ते मात्र रक्तात शिरतात. म्हणजे डाळिंबात यूरोलिथिन नसतंच, ते आपल्या पोटात तयार होतं. आणि ज्यांच्या आतड्यात ते विशिष्ट जिवाणू नसतात, त्यांच्यात ते अजिबात तयार होत नाही. एकाच झाडाचं एकच फळ दोन सख्ख्या भावांनी अर्धं-अर्धं खाल्लं, तरी दोघांच्या रक्तात पोचणारा ऐवज वेगळा असू शकतो. पथ्याचा एकच कागद गावभर का चालत नाही, याचं याहून चांगलं कारण मला ठाऊक नाही.

आता मोजमापाकडे. इस्राएलमधल्या हैफा शहरात मायकेल अविराम यांच्या गटानं २००४ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. मानेच्या धमन्या अरुंद झालेल्या दहा रुग्णांनी वर्षभर रोज डाळिंबाचा रस घेतला आणि धमनीच्या भिंतीची जाडी ३० टक्क्यांपर्यंत कमी झाली. जगभर बातमी झाली. पण रुग्ण होते दहा! २००९ मध्ये अमेरिकेत २८९ जणांवर, दीड वर्ष, रोज पाव लिटरच्या आसपास रस देऊन तपासलं, तेव्हा सगळ्यांचा मिळून म्हणण्यासारखा फरक आढळला नाही. दरम्यान तिथल्या एका बड्या रस कंपनीनं हृदयरोगावर रामबाण असल्यासारख्या जाहिराती केल्या होत्या. २०१३ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं त्या दिशाभूल करणाऱ्या ठरवल्या आणि २०१५ मध्ये अपील न्यायालयानंही तो निर्णय मुख्यतः कायम ठेवला. वेगवेगळ्या चाचण्या एकत्र पाहिल्या तर रक्तदाब थोडासा उतरतो असं दिसतं. तेवढं डाळिंबाच्या पदरात घालायला हरकत नाही. फळ म्हणून खावं, मजेत खावं. मधुमेह असणाऱ्यांनी रसाचे पेले रिचवू नयेत, आणि मूत्रपिंडाचा आजार असेल तर पोटॅशियममुळे डॉक्टरांना विचारूनच.

लसणाचं गाडंही असंच आहे. अख्ख्या पाकळीला वास जवळजवळ नसतो. तिच्यात अलिइन एका कप्प्यात आणि त्याला फोडणारं विकर दुसऱ्या कप्प्यात असतं. खलबत्त्यात ठेचा कुटला की कप्पे फुटतात, दोघांची गाठ पडते आणि काही क्षणांत अलिसिन तयार होतं. तोच तो घरभर पसरणारा वास, आणि लसणाच्या दृष्टीनं कुरतडणाऱ्या किड्याच्या तोंडावर मारलेला फवारा. २००७ मध्ये अमेरिकेतल्या अलाबामा विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी दाखवलं, की लसणातल्या गंधकाच्या संयुगांपासून आपल्या तांबड्या रक्तपेशी हायड्रोजन सल्फाइड बनवतात आणि त्यानं रक्तवाहिन्या सैलावतात. सडक्या अंड्याचा वास ज्याला येतो तो हाच वायू! तो अगदी सूक्ष्म प्रमाणात आपल्या नसांना आराम देतो. त्याच वर्षी स्टॅनफर्डमध्ये १९२ जणांना सहा महिने कच्चा लसूण किंवा लसणाच्या गोळ्या देऊन पाहिलं. कोलेस्टेरॉल काही उतरलं नाही. रक्तदाबावर थोडा परिणाम होतो, आणि रक्त किंचित पातळ होतं. म्हणूनच वॉरफेरिनसारखी रक्त पातळ करणारी गोळी चालू असणाऱ्यानं वर लसणाच्या कॅप्सूल घेणं धोक्याचं.

नदीकाठच्या अर्जुनाला, आपल्या अर्जुनसादड्याला, हृदयाच्या झाडांत पहिला मान आहे. साल दुधात उकळून घ्यायची रीत शेकडो वर्षांची. १९९५ मध्ये हृदय अगदी थकलेल्या १२ रुग्णांवर केलेल्या अभ्यासात त्यांना बरं वाटलं, धाप कमी झाली. आशा वाटावी असा निकाल, पण बारांवरून बाराशेंचं ठरवता येत नाही. चालू औषधं बंद करून अर्जुनाचा काढा धरावा, असं सांगायला आज कोणाकडेही पुरावा नाही.

मग हृदयाला खरोखर हलवणारं झाड कुठलं? ते आहे आणि अगदी रस्त्यावर आहे. कण्हेर. पाणी कमी लागतं, धूर सोसते आणि गुरं तोंड लावत नाहीत म्हणून महामार्गांच्या दुभाजकांत ती सर्रास लावतात. गुरं तोंड लावत नाहीत याचं कारण तिच्यातलं ओलिअँड्रिन. हृदयाच्या प्रत्येक पेशीच्या पडद्यावर एक पंप असतो. विहिरीवरची मोटर पाणी उपसते तसा तो सोडियम बाहेर उपसतो आणि पोटॅशियम आत घेतो. ओलिअँड्रिन हा पंप अडवतं. आत सोडियम साचतं, त्यापायी कॅल्शियमही साचतं आणि स्नायू जास्त जोरानं आवळतो. थोडं जास्त झालं की ठोक्यांची लय तुटते आणि हृदय थांबतं. पिवळी कण्हेर, आपली बिट्टी, हिच्या बियांतही याच घराण्यातली विषं असतात. तिच्या बियांनी पोरं खेळतात, म्हणून मागचं वाक्य पुन्हा वाचा.

याच घराण्यातला एक पदार्थ मात्र जगभर औषध आहे, फॉक्सग्लोव्हच्या जातीतलं डिगॉक्सिन. विल्यम विदरिंग या इंग्रज डॉक्टरच्या कानावर एका म्हातारीचा वीसेक वनस्पतींचा काढा आला. त्यातली खरी काम करणारी वनस्पती फॉक्सग्लोव्ह हे त्यानं ओळखलं, दहा वर्षं रुग्णांच्या नोंदी ठेवल्या आणि १७८५ मध्ये पुस्तक लिहिलं. किती दिलं, काय झालं, कोण दगावलं, सगळं. डिगॉक्सिनची गुणकारी मात्रा आणि विषारी मात्रा आजही एकमेकींना इतक्या चिकटून आहेत, की गरज पडल्यास रक्त तपासून मात्रा ठरवतात. डिगॉक्सिन आणि बिट्टीचं विष यांची रेणुरचना इतकी सारखी, की डिगॉक्सिनच्या विषबाधेवरची प्रतिपिंडं श्रीलंकेत बिट्टी खाल्लेल्या रुग्णांवरही लागू पडली.

आपल्या महाराष्ट्रातही एक विदरिंग होऊन गेला. मुंबईच्या केईएम रुग्णालयातले डॉ. रुस्तम जल वकील. सर्पगंधेची मुळी वैद्य मंडळी जुन्या काळापासून वापरत आलेली, १९३१ मध्ये कलकत्त्याच्या सेन आणि बोस यांनी ती रक्तदाब उतरवते असं लिहिलेलं. वकिलांनी ५० रुग्णांवर ती पद्धतशीर तपासून १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये निबंध छापला आणि पाश्चात्त्य डॉक्टरांचं लक्ष तिच्याकडे वळलं. तीन वर्षांत स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीत तिच्यातून रिसर्पिन वेगळं झालं. १९५७ मध्ये वकिलांना अमेरिकेचं लास्कर पारितोषिक मिळालं. रिसर्पिननं काही रुग्णांना खोल उदासी येते हेही याच मोजमापामुळे उघड झालं. स्वीडनच्या आर्व्हिड कार्लसन यांनी रिसर्पिन दिलेले निपचित ससे दुसऱ्या एका औषधानं जागे केले आणि मेंदूतल्या डोपामिनचं काम जगाला कळलं. २००० सालच्या नोबेलमधला त्यांचा वाटा त्याबद्दल होता. मुळी आपल्या रानातली.

ठेच्यात लसूण घाला, डाळिंब खा, उसाचा गोडवा जपून घ्या. पण चूर्ण, काढा, कॅप्सूल जे काही चालू असेल त्याची डबी पुढच्या तपासणीला डॉक्टरांपुढे ठेवा. वैद्यांकडे जात असाल तर ॲलोपॅथीच्या गोळ्यांची यादी त्यांनाही दाखवा. रक्तदाबाची गोळी मनानं बंद करू नका. आणि छातीत कळ आली, डावा हात भरून आला, दरदरून घाम फुटला, तर काढा उकळत बसू नका. १०८ ला फोन करा.