डेम्प्स्टर मार्गाची पूर्वतयारी

कॅनडाच्या वायव्येस स्वतः मोटार हांकीत डेम्प्स्टर मार्गानें जावयाचें असेल, तर प्रेक्षणीय स्थळांची यादी मागाहून करावी. प्रथम नद्यांचा काल पाहावा. डॉसन शहराजवळून इनुविक गांवीं जाणारा हा सुमारें ७४० किलोमीटरांचा खडीचा रस्ता १९७९ सालीं खुला झाला. वाटेंतील पील व मॅकेंझी या नद्यांवर पूल नाहींत. उन्हाळ्यांत तरीवरून आणि हिंवाळ्यांत गोठलेल्या पात्रावरून मोटारी पलीकडे जातात; परंतु बर्फ धरूं लागलें किंवा फुटूं लागलें, म्हणजे कांहीं आठवडे दोन्ही उपाय खुंटतात. मग पैलतीरीं अडकलेल्यानें काय करावें?

दुसरी चिंता पेट्रोलची. मार्गारंभीं टाकी भरून घ्यावी; त्यापुढें तें ईगल प्लेन्स येथें, ३६९ किलोमीटरांवर. वडील मंडळी सोबत असल्यास तेथेंच मुक्काम करावा हें बरें. खालची भूमि बारमास गोठलेली असते. ती वितळून रस्ता खचूं नये म्हणून खडीचा जाड थर घातलेला आहे. तीच खडी टायर फाडते! सबब पुऱ्या मापाचीं दोन जादा चाकें घ्यावींत.

जूनअखेरीस गेल्यास पुढें उत्तर ध्रुववृत्तापलीकडे रात्रींहि सूर्य मावळत नाहीं. मुलांना झोंप लागावी म्हणून खिडक्यांस लावावयाला काळें कापड विसरूं नये.