मुक्ताईच्या वाटेवर

वरणगावची ओळख बाहेरच्यांना आहे ती आयुध निर्माणीमुळे. 1964 सालच्या या कारखान्यात बंदुकांच्या गोळ्या तयार होतात. महामार्गावर केळीचे ट्रक, कंटेनर आणि एसटी गाड्यांची अखंड वर्दळ. माघ वद्य एकादशी जवळ आली की याच रस्त्याच्या कडेने भगव्या पताका दिसू लागतात. दिंड्या निघालेल्या असतात पूर्वेला वीसेक किलोमीटरवरच्या मुक्ताईनगरकडे. एकादशीपासून महाशिवरात्रीपर्यंत मुक्ताई-चांगदेवाची यात्रा भरते.

मुक्ताईनगर म्हणजे पूर्वीचं एदलाबाद. मुक्ताईचं जुनं मंदिर शेजारच्या कोथळीत, नवं मुक्ताईनगरात. ज्ञानदेवांची ही धाकटी बहीण 1297 साली तापीकाठी विजेच्या कडकडाटात अंतर्धान पावली, अशी वारकऱ्यांची श्रद्धा. वैशाखातल्या अंतर्धान सोहळ्याला पंढरपूरहून पांडुरंगाच्या पादुका इथे येतात. आषाढीला मुक्ताईची पालखी पंढरपूरला जाते. खानदेश, विदर्भ, मराठवाडा ओलांडत महिनाभराहून अधिक चालते. एवढी लांबची वाट फार थोड्या पालख्यांच्या वाट्याला येते.

पण यात्रेच्या नावात चांगदेव का? चौदाशे वर्षांचा योगी, वाघावर बसून, सापाचा चाबूक करून ज्ञानदेव-मुक्ताई या भावंडांना भेटायला निघाला, अशी कथा आहे. त्याआधी त्याने कोरं पत्र पाठवलं होतं; ज्ञानदेवांनी पासष्ट ओव्यांनी उत्तर दिलं, तीच ‘चांगदेव पासष्टी’. पुढे हा वयोवृद्ध योगी मुक्ताईचा शिष्य झाला. मुक्ताई तेव्हा कोवळ्या वयाची पोर. सिद्धीचा डोलारा बाजूला ठेवून पोरीला गुरू म्हणणं, हे मला वाघापेक्षा मोठं नवल वाटतं. आणि ज्या समाजात मुलीला अजून बोलण्याआधी परवानगी घ्यावी लागते, तिथल्या बाया लेकींना घेऊन मुक्ताईला येतात, हे फार मोलाचं आहे.

चांगदेवाचं मंदिर तापी-पूर्णेच्या संगमावर, चांगदेव गावात. दगडी, शिखर नसलेलं, पुरातत्त्व खात्याने संरक्षित केलेलं. खांबांवरचं आणि दारावरचं कोरीवकाम उन्हं कलती झाली की ठळक दिसतं. यात्रेचे दिवस सोडले तर इथे गर्दी फार नसते. मुक्ताईचं दर्शन घेऊन बरेचजण तसेच महामार्गाला लागतात. तसं करू नका. तासभर काढून चांगदेवलाही जा. गुरूचं दर्शन झाल्यावर शिष्यालाही भेटायला हवं.