आश्रमशाळा: घर आणि शाळा एकाच आवारात
नाशिक जिल्ह्यातील सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर या तालुक्यांत, जेथे पाड्यावरून माध्यमिक शाळेत रोज ये-जा करणे अनेकदा अशक्य असते, तेथे कोकणा, महादेव कोळी, वारली मुलामुलींसाठी आदिवासी विकास विभाग शासकीय आश्रमशाळा, म्हणजे निवास, भोजन व शिक्षण विनामूल्य देणाऱ्या शाळा, चालवतो. त्याचे आयुक्तालय नाशिकमध्येच आहे. याशिवाय आदिवासी मुलांसाठीच्या केंद्राच्या १९९७-९८ पासूनच्या एकलव्य निवासी शाळा सहावी ते बारावीच्या ४८० विद्यार्थ्यांसाठी आखलेल्या असतात. आश्रमशाळेत खो-खो, कबड्डीने मैदान गजबजते. परंतु काही ठिकाणी दिवसाचा वर्गच रात्री शयनगृह होतो, भिंतीलगत पत्र्याच्या पेट्यांची रांग लागते आणि अभ्यासाला निवांत कोपरा उरत नाही. स्वतंत्र वसतिगृह ही या शाळांची पहिली गरज आहे.