ऑल ब्लॅक्स रग्बी संघाच्या आधीचं नेल्सन

न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावरच्या नेल्सन या छोट्या गावातला फुटबॉल क्लब १८६८चा. तिथे खेळत काय, तर निरनिराळ्या नियमांची खिचडी! १८७०मध्ये चार्ल्स मन्रो हा तरुण इंग्लंडमधल्या शाळेतून रग्बी शिकून परतला आणि त्याने ते नियम क्लबच्या गळी उतरवले. १४ मे १८७० रोजी क्लबचा नेल्सन कॉलेजच्या मुलांशी सामना झाला. एकेका बाजूला १८ गडी. गावकऱ्यांनी तो २-० असा जिंकला. हे दोन्ही गोलच बरं का! तेव्हा चेंडू रेषेपलीकडे टेकवला तरी गुण शून्य, फक्त गोलकडे लाथ मारण्याचा ‘प्रयत्न’ करायची मुभा. ‘ट्राय’ हे नाव त्यातलंच. त्याच वर्षी सप्टेंबरात नेल्सनकर सामुद्रधुनी ओलांडून वेलिंग्टनलाही हरवून आले.