बाराव्या गड्याचं कार्ड

पारनेर तालुक्यात पिकं निघून रानं मोकळी झाली, की टेनिस बॉल क्रिकेटच्या स्पर्धांचे फ्लेक्स चौकाचौकांत दिसू लागतात. सुपे, निघोज, अळकुटी, टाकळी ढोकेश्वर, कुठंही जा, मांडणी ठरलेली. वर पुढाऱ्यांचे मोठे चेहरे, मध्ये करंडक, बक्षिसांच्या रकमा आणि त्या देणाऱ्यांची नावं, खाली संघाची पोरं ओळीनं. सलामीवीर आणि जोरात टाकणारा ठळक, बाकीचे जरा लहान. कीपरचा पाय मुरगळला म्हणून ऐन वेळी फोन आला, हातातलं काम टाकून गाडीवर आला, दुसऱ्याचे ग्लोव्हज चढवून स्टंपांमागं उभा राहिला, असा पोरगा त्या फ्लेक्सवर नसतो. फ्लेक्स आधीच छापलेला असतो, हे कारण खरं आहे. पण स्पर्धा संपल्यावरही त्याचा फोटो कुठं लागत नाही.

कॅनडा आणि अमेरिकेतल्या आइस हॉकीत नेमक्या अशाच माणसावरून खेळाडूंची कार्डं जमवणाऱ्या संग्राहकांमध्ये चर्चा झडते. तिथल्या नॅशनल हॉकी लीगमध्ये प्रत्येक संघाकडं सामन्याला दोन गोलरक्षक असतात. दोघंही जायबंदी झाले तर काय, यासाठी यजमान शहरातला एक हौशी गोलरक्षक स्टेडियममध्ये हजर ठेवायची पद्धत पडली. तो दोन्ही संघांचा असायचा, म्हणजे खरं तर कुणाचाच नसायचा. बहुतेक रात्री तो सामना बघायचा आणि घरी जायचा. प्रश्न असा, की ज्याला एका रात्रीत मैदानात उतरावं लागलं, त्याचं खेळाडूंसारखं छापील कार्ड निघावं का?

डेव्हिड आयर्स हे त्यातलं सगळ्यात गाजलेलं नाव. २२ फेब्रुवारी २०२०, टोरांटो. पाहुण्या कॅरोलिना हरिकेन्सचे दोन्ही गोलरक्षक एकामागोमाग एक जखमी झाले आणि ४२ वर्षांच्या आयर्सला बोलावणं आलं. बर्फाचं मैदान गुळगुळीत करणारी गाडी चालवण्याचं काम त्यानं केलेलं, मूत्रपिंडाचं प्रत्यारोपण झालेलं, आणि सराव कुणाबरोबर? तर टोरांटोच्याच खेळाडूंबरोबर. त्या रात्री त्यांच्याच विरुद्ध त्याला उभं राहावं लागलं. पहिले दोन्ही फटके गोलात गेले. त्यानंतरचे आठही त्यानं अडवले आणि कॅरोलिनानं सामना ६-३ असा जिंकला. त्याची हॉकी स्टिक आता हॉकीच्या हॉल ऑफ फेममध्ये आहे. त्याआधी मार्च २०१८ मध्ये शिकागोत स्कॉट फॉस्टर नावाचा ३६ वर्षांचा हिशेबनीस शेवटची १४ मिनिटं उभा राहिला आणि आलेले सातही फटके त्यानं अडवले. खूप मागं, १९२८ च्या स्टॅनली कपच्या अंतिम फेरीत, न्यू यॉर्क रेंजर्सचे प्रशिक्षक लेस्टर पॅट्रिक ४४ व्या वर्षी स्वतःच गोलमध्ये उभे राहिले होते. तो सामना रेंजर्सनं २-१ असा जिंकला.

अशा माणसाचं कार्ड निघायलाच हवं. आणि आपल्याकडं तर ते जास्त हवं, कारण क्रिकेटची नोंदवही बदली खेळाडूशी फारच कंजूषपणे वागते.

आपल्याकडच्या कार्डांची आठवण चाळिशी-पन्नाशीतल्या पिढीला सांगायला नको. १९८० च्या दशकात बिग फन च्युइंगमबरोबर क्रिकेटपटूंची चित्रं मिळायची, त्यांवर धावा आणि बळी छापलेले असायचे, ते साठवायचे. पुढं ट्रम्प कार्डं आली. पाच-सहा पोरं गोल करून बसायची, एकानं आपल्या पत्त्यावरचा रकाना पुकारायचा: सामने, धावा, शतकं, बळी, झेल. ज्याचा आकडा मोठा त्यानं सगळ्यांचे पत्ते उचलायचे. गावसकर, कपिल, पुढं सचिन हाती आला की त्या पोराचा डाव झालाच. त्या खेळात बदली खेळाडूला जागाच नव्हती. त्याच्या प्रत्येक रकान्यात शून्य.

ते शून्य येतं कुठून, हे समजून घेण्यासारखं आहे. क्रिकेटच्या नियमानुसार नेहमीचा बदली क्षेत्ररक्षक फलंदाजी करू शकत नाही, गोलंदाजी करू शकत नाही, कप्तानी करू शकत नाही. झेल मात्र घेऊ शकतो, धावबाद करू शकतो. २०१७ पासून पंचांच्या संमतीनं यष्टिरक्षणही करू शकतो. पण त्यानं घेतलेला झेल त्याच्या कारकिर्दीच्या खात्यात जमा होत नाही. फलंदाज बाद, गोलंदाजाला बळी, आणि झेलाच्या जागी 'बदली'. हल्ली धावफलकावर कंसात नाव तरी येतं. पूर्वी तेही नेहमी यायचं नाही.

नोव्हेंबर १९८३ मधली अहमदाबादची वेस्ट इंडिजविरुद्धची कसोटी घ्या. मोटेराच्या मैदानावरची ती पहिलीच कसोटी. दुसऱ्या डावात कपिल देवनं ८३ धावांत ९ बळी घेतले, ते सगळ्यांना पाठ आहेत. त्याच सामन्यात गुरशरण सिंग या बदली क्षेत्ररक्षकानं चार झेल घेतले. एका कसोटीत बदली खेळाडूनं चार झेल घेण्याची ती पहिलीच वेळ होती. गुरशरणला स्वतःची कसोटी खेळायला मिळाली ती १९९० मध्ये, ऑकलंडला. ती एकच. त्याच्या कारकिर्दीचा पत्ता छापला तर त्यावर एक कसोटी दिसेल आणि अहमदाबादचे चार झेल दिसणारच नाहीत. ज्या दिवशी तो सगळ्यात चमकला, तो दिवसच आकड्यांतून गायब आहे. कार्डाची गरज आहे ती इथं.

यष्टिरक्षकाची गोष्ट गोलरक्षकाच्या आणखी जवळची. ग्लोव्हज, पॅड्स, वाकून बसणं, सगळंच वेगळं. ऐन वेळी कुणालाही उभं करता येत नाही. जुलै १९८६ मध्ये लॉर्ड्सवर न्यूझीलंडविरुद्ध इंग्लंडच्या ब्रूस फ्रेंचला रिचर्ड हॅडलीचा चेंडू डोक्याला लागला. सुरुवातीला बिल अ‍ॅथी स्टंपांमागं गेला. मग बॉब टेलरला बोलावलं. ४५ वर्षांचा टेलर निवृत्त झालेला होता आणि त्या दिवशी प्रायोजकांच्या पाहुण्यांची सरबराई करायला मैदानावर आला होता. न्यूझीलंडचा कप्तान जेरेमी कोनी यानं हरकत घेतली नाही. टेलरनं बरंचसं साहित्य उसनं घेतलं आणि लॉर्ड्सवर असं यष्टिरक्षण केलं, की निवृत्ती मध्ये आलीच नव्हती असं वाटावं. पुढं हॅम्पशायरचा बॉबी पार्क्स आला आणि शेवटी फ्रेंच परतला. एका डावात चार यष्टिरक्षक. या चौघांचा चार पत्त्यांचा संच कुणी काढला, तर कुठलाही संग्राहक तो हातचा जाऊ देणार नाही.

समोरच्या संघासाठी उभं राहण्याचा आयर्ससारखा प्रसंग मराठी घरातही घडला आहे. जानेवारी १९८७, मुंबईचं ब्रेबॉर्न स्टेडियम, भारत-पाकिस्तान प्रदर्शनीय सामना. जेवणाच्या सुमारास पाकिस्तानचे जावेद मियाँदाद आणि अब्दुल कादिर मैदानाबाहेर गेले आणि इम्रान खानच्या संघाला क्षेत्ररक्षक कमी पडले. तेरा वर्षांच्या सचिन तेंडुलकरला मैदानात पाठवलं गेलं. कपिल देवचा एक उंच फटका त्याच्या दिशेनं आला, तो धावला, पण पोचला नाही. सचिननं आत्मचरित्रात हे लिहिलं आहे. हे कार्ड छापलं तर सगळ्यात महाग ते विकलं जाईल, यात शंका नाही. पण ती किंमत पुढच्या शंभर शतकांची असेल. गुरशरणच्या कार्डाची किंमत त्या चार झेलांचीच असेल, आणि म्हणून ते जास्त मोलाचं.

नगर जिल्ह्याला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, ही बाकावरची गोष्ट आणखी जवळून ठाऊक आहे. संगमनेर तालुक्यातल्या आश्वी खुर्दचा अजिंक्य रहाणे नोव्हेंबर २०११ मध्ये कसोटी संघात आला आणि पहिली कसोटी खेळला ती मार्च २०१३ मध्ये, दिल्लीत. मधले सोळा महिने तो संघाबरोबर होता, ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यातल्या चारही कसोटी त्यानं बाहेर बसून पाहिल्या. पदार्पणात ७ आणि १ धाव. दोनच वर्षांनी, ऑगस्ट २०१५ मध्ये, गॉलच्या कसोटीत यष्टिरक्षक नसलेल्या खेळाडूनं एका सामन्यात घेतलेल्या सर्वाधिक झेलांचा विश्वविक्रम त्यानं केला, आठ झेल. इतके दिवस बाहेर बसलेल्या खेळाडूची नजर आणि हात मोडले नव्हते, एवढं त्यातून नक्की दिसतं.

आणि २०२०-२१ चा ऑस्ट्रेलिया दौरा म्हणजे बदली माणसांचं संमेलनच होतं. अॅडलेडला ३६ धावांत संघ गारद झाला, विराट कोहली मुलीच्या जन्मासाठी घरी परतला आणि कप्तानी रहाणेकडं आली. मेलबर्नला त्यानं ११२ धावा केल्या, भारत जिंकला. सिडनीत ऋषभ पंतच्या कोपराला लागलं, म्हणून ऑस्ट्रेलियाच्या दुसऱ्या डावात वृद्धिमान साहानं बदली यष्टिरक्षण केलं आणि चार झेल घेतले. पंतच्या त्या सामन्यातल्या ९७ धावा त्याच्या खात्यात आहेत. साहाचे चार झेल त्याच्या खात्यात नाहीत. ब्रिस्बेनला तर टी. नटराजन आणि वॉशिंग्टन सुंदर या दोघांनी कसोटी पदार्पण केलं, आणि हे दोघं मूळ कसोटी संघातही नव्हते, सरावात गोलंदाजी टाकायला थांबले होते. पालघरच्या शार्दूल ठाकूरची आधीची एकमेव कसोटी दहा चेंडूंत संपली होती, दुखापतीमुळं. ब्रिस्बेनला त्यानं ६७ धावा केल्या, सामन्यात ७ बळी घेतले, आणि सुंदरबरोबर सातव्या विकेटसाठी १२३ धावा जोडल्या. १९ जानेवारी २०२१ ला भारतानं मालिका २-१ अशी जिंकली.

आपल्या हॉकीतही यवतमाळचा आकाश चिकटे आहे. गोलरक्षक म्हणून त्याच्यापुढं पी. आर. श्रीजेश होता, त्यामुळं वाट बघणं आलंच. २०१६ च्या आशियाई चॅम्पियन्स करंडकाच्या अंतिम सामन्यात श्रीजेश दुखापतीनं बाहेर होता. चिकटे उभा राहिला आणि भारतानं पाकिस्तानला ३-२ असं हरवलं. डिसेंबर २०१७ मध्ये भुवनेश्वरला बेल्जियमविरुद्धच्या शूटआउटमध्येही गोलवर तोच होता आणि भारत जिंकला. चिकटे पूर्णवेळ खेळाडू, आयर्स हौशी, हा फरक आहेच. पण 'आता तू जा' हे ऐकल्यावर पोटात येणारा गोळा दोघांचा सारखाच असणार.

विरोधकांचा मुद्दाही वजनदार आहे. कार्ड म्हणजे कारकिर्दीचा मान. एका संध्याकाळच्या योगायोगाला तो दिला तर बारा-पंधरा वर्षं घाम गाळणाऱ्याचं काय? शिवाय कंपन्या असल्या नवलाईची कार्डं धडाधड छापून पोरांच्या खिशातले पैसे काढतील, ही भीती खोटी नाही. यावर उपाय एकच: जो प्रत्यक्ष उतरला त्याचंच कार्ड, आणि तेही त्या दिवसाचं, कारकिर्दीचं नव्हे. वाट बघून घरी गेलेल्याला मानधन द्या, संघाचा शर्ट द्या, त्याचं नाव यादीत छापा. कार्ड नको. ही रेघ ओढली नाही तर कार्डाला अर्थ उरत नाही.

नियमही हळूहळू बदलत आहेत. डोक्याला मार लागलेल्या खेळाडूच्या जागी येणारा ऑगस्ट २०१९ पासून फलंदाजी-गोलंदाजी करू शकतो. त्याच महिन्यात लॉर्ड्सवर स्टीव्ह स्मिथच्या जागी आलेल्या मार्नस लाबुशेननं ५९ धावा केल्या आणि त्या त्याच्याच खात्यात गेल्या. डिसेंबर २०२० मध्ये कॅनबेराला जडेजाच्या जागी आलेला युझवेंद्र चहल तर सामनावीर ठरला. बीसीसीआयनं २०२५ मध्ये देशांतर्गत अनेक दिवसांच्या सामन्यांत गंभीर दुखापतीसाठीही पूर्ण बदली खेळाडू मान्य केला, आणि दुलीप करंडकात पश्चिम विभागाच्या हार्विक देसाईच्या जागी महाराष्ट्राचा यष्टिरक्षक सौरभ नवले आला. इथून पुढच्या नवलेंचे झेल खात्यात जमा होतील. मागच्या गुरशरणांचे होणार नाहीत.

म्हणून पहिला संच मागच्यांचा निघावा. पाठीमागचे रकाने वेगळे हवेत: कुणाच्या जागी, कुठल्या क्षणी, किती वेळ, साहित्य कुणाचं, अर्ध्या तासापूर्वी कुठं होता, आणि काय केलं. या पत्त्यांवर पोरांनी 'सामने' पुकारून उपयोग नाही. 'किती वेळ' पुकारायचं, आणि ज्याचा वेळ कमी त्यानं डाव उचलायचा.

मोठ्या कंपन्या मनावर घेतील तेव्हा घेतील. पारनेरच्या स्पर्धांना त्यांची वाट बघायची गरज नाही. अडीच बाय साडेतीन इंचांची नऊ कार्डं एका ए-फोर कागदावर बसतात, जाड कागदावरची रंगीत प्रिंट गावातल्या डीटीपीच्या दुकानात निघते, आणि फ्लेक्सच्या खर्चापुढं तो खर्च काहीच नाही. धावफलक हल्ली क्रिकहीरोजसारख्या अ‍ॅपवर भरला जातोच. भरणाऱ्यानं बदली आलेल्याचं पूर्ण नाव, गाव आणि आल्याची वेळ वेगळी लिहून ठेवायची. फोटो मात्र बक्षीस समारंभापर्यंत थांबवायचा नाही. तोवर त्यानं ग्लोव्हज परत केलेले असतात.